नाव तेवढं तेच

सिंधूच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी "अहो", नाहीतर "सिंधूचे बाबा". पण नाशिकरोडच्या त्या चाळीत हळदीकुंकू असलं की बायका तिच्यासाठी खोळंबायच्या, कारण तिचा उखाणा दरवेळी नवा. शेजारच्या सुलाबाई चिडवायच्या, "जुनाच घे गं, कुणाच्या लक्षात राहतोय!" मग ती मान वर करून म्हणायची,

"घोटीच्या भाताला इगतपुरीचं पाणी, खंडेराव गुणगुणतात रेडिओवरची गाणी."

खंडेराव एकोणऐंशीच्या पावसाळ्यात गेले. विधवेला उखाणा कोण विचारणार? त्यांच्याबरोबर ते नावही घरातून गेलं. आईच्या तोंडून ते एकदा तरी ऐकावं असं सिंधूला फार वाटे. पण मागायचं कसं?

पुढे आईही गेल्यावर सिंधूला आठवत राहिली ती एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यातली एक दुपार. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेचा अभ्यास करायला ती पुण्याहून घरी आली होती. आई विळीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती.

"कधीची पुटपुटतेयस. मला तरी कळू दे."

"जंतू लाखो तऱ्हांचे असतात, आई. त्यांना धरणारी प्रथिनं शरीरात तेवढ्याच तऱ्हांची लागतात. प्रत्येकाला वेगळा जनुक कुठून आणणार? म्हणून पेशी जनुकांच्या तुकड्यांच्या एकेका ढिगातून एकेक तुकडा घेते, मधलं कापून टाकते आणि जोडते. जोडताना थोडं इकडेतिकडे होतं, त्यातूनही नवंच निघतं."

"जंतू आल्यावर जोडत बसते? तोवर माणूस आटोपेल."

"अशा पेशी आधीच जोडून तयार असतात. आलेला जंतू जिला जुळेल, तिची पिल्लावळ वाढते."

"आणि जोड फसला तर?"

"ती पेशी बाद." सिंधूने पुस्तकातून मान वर केली. "तुझ्या उखाण्यांसारखंच. एकाची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट."

आई हसली. "माझे निम्मे फसायचे. ते चुलीपाशीच टाकून यायचे मी. बायकांना काय, चांगले तेवढे ऐकू यायचे." मग तिने विचारलं, "सगळंच बदलतं का गं?"

"नाही. प्रथिनाच्या शेपटाकडचा भाग ठरलेला. पुढे कितीही तऱ्हा होऊ देत, तो तोच."

विळीवरचा हात थांबला. "म्हणजे नाव."

"हो."

सिंधूने पुस्तकात डोकं घातलं, पण वाचलं काहीच नाही. आई फोडींना मीठ-हळद चोळत राहिली. बऱ्याच वेळाने, परातीकडे बघतच, ती म्हणाली,

"कैरीच्या फोडीला मीठ जरा जास्त, खंडेराव असते तर बरणी झाली असती फस्त."

सिंधूला हसू आलं. आईने हात धुतले, पदराला पुसले आणि मग नुसतंच नाव घेतलं, मागेपुढे काही न जोडता.