पुठ्ठ्याआडचे घुबड

मित्रांनो, मी एक जुनी नावचिठ्ठी आहे. पत्त्याच्या पानाएवढी. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटून बसायचे आणि पुस्तक कोणाचे ते सांगायचे, हे माझे काम.

एक सुईणबाई होत्या. मागेल त्याला पुस्तक देत. गेलेले पुस्तक मात्र परत येत नसे. त्यांचा धाकटा भाऊ लाकडावर चित्रे कोरत असे. तो म्हणाला, "ताई, तुला मागायचा संकोच वाटतो ना? मग तुझ्या वतीनं मी मागतो." त्याने लाकडी ठोकळ्यावर चष्मा लावलेले घुबड कोरले. पिसांची रेघ न् रेघ केसासारखी बारीक. वर ताईचे नाव, खाली अक्षरे: 'वाचा, पण घरी आणून सोडा.' त्या ठशावरून आम्हा बहिणींना छापले आणि पुस्तकापुस्तकांत चिकटवले. लोक आम्हाला पाहून हसत आणि निमूटपणे पुस्तक परत करत.

पुढे बाई वारल्या. भाऊ दूरगावी होता. तो पोहोचेपर्यंत घरमालकाने पुस्तके रद्दीत घातली. मी कुबट गोदामात पडून राहिले. माझ्या पुठ्ठ्याला वाळवी लागली. शेवटी माझे पुस्तक एका बांधणीवाल्याच्या हाती आले, आणि त्याने जुना पुठ्ठा फाडून टोपलीत टाकला.

"हा टाकताय?" दुकानात बसलेल्या एका गृहस्थांनी विचारले.

"वाळवीनं खाल्लाय. काय करणार घेऊन?"

"आतलं घुबड अजून जागं आहे."

हे निवृत्त रेल्वे गार्ड. अशा चिठ्ठ्या जमवत, म्हणून मित्र त्यांना 'डिंकराव' म्हणत. त्यांनी माझ्यावर ओला टीपकागद ठेवला आणि श्वास रोखून मला अलगद सोडवले. शाई फुटली असती, तर माझी कथा तिथेच संपली असती. मग भिंगातून पाहत ते स्वतःशीच म्हणाले, "काय हात आहे!"

त्यांनी वाचनालयात आमचे प्रदर्शन मांडले. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापुढे थबकले.

"हे मी कोरलंय," ते हळूच म्हणाले. "ताईसाठी. वाटलं होतं, एकही उरली नाही."

डिंकरावांनी लगेच काचेची पेटी उघडली. "घेऊन जा. तुमचीच आहे."

"नको. घरी मी एकटाच बघेन. इथं सगळे बघतात." मग त्यांनी विचारले, "यात तुमची स्वतःची कुठली?"

डिंकराव ओशाळले. दुसऱ्यांच्या शेकडो चिठ्ठ्या त्यांनी जपल्या होत्या. स्वतःची एकही नव्हती.

म्हातारबाबांचे हात कापत होते, तरी त्यांनी पुन्हा हत्यार धरले. कित्येक महिन्यांनी ठसा तयार झाला: पाठीवर पुस्तकांचा ढीग घेतलेली गोगलगाय.

"रेघ हललीय जरा," ते म्हणाले.

डिंकराव भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. "गोगलगाय चालतेय, म्हणून."

मित्रांनो, जुने पुस्तक टाकण्यापूर्वी त्याचा पुठ्ठा एकदा उघडून पाहा. कोणीतरी कोणासाठी तरी तिथे जीव ओतलेला असेल. तो ओरबाडू नका. थोडी ओल द्या, थोडा वेळ द्या. तो आपणहून हातात येतो.