रिकामी न परतलेली वाटी

नमस्कार मित्रांनो. तुमच्या घरच्या मांडणीवर माझ्यासारख्या दहाबारा वाट्या सहज असतील. मीही तशीच, स्टीलची, काठाला जराशी चेपलेली एक जुनी वाटी. फरक एवढाच की माझ्या आत एक बारीक रेघ कोरलेली आहे आणि बुडाखाली सातचा आकडा आहे. त्या रेघेपर्यंत भरलं की बरोबर दीडशे मिलिलिटर. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. या रेघेचा मला फार ताठा होता. तो कसा उतरला, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पत्र्याच्या चकतीतून. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते १९९५ साली, रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात. तिथे डॉ. मैत्री ओव्हाळ आल्या. येरवड्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या, शेतीचं अर्थशास्त्र शिकलेल्या, पुण्यातल्याच एका संस्थेत संशोधन करणाऱ्या. पिशवीतून मापाची काचनळी काढून त्या एकेका वाटीत पाणी ओतू लागल्या. दुकानदार थोडा वेळ बघत राहिले.

"बाई, आमच्या वाट्या गळत नाहीत."

"गळण्याचं नाही हो. सगळ्या अगदी सारख्या हव्यात."

"मग एकच घ्या. ती स्वतःसारखीच असेल."

बाईंनी मात्र चिकाटीने डझनभर वाट्या निवडल्या, रेघा कोरून घेतल्या, आणि मी सातवी झाले.

बाईंचं काम ऐकायला सोपं होतं. लोक काय खातात आणि किती खातात, ते मोजायचं. त्या दिवसांत पाऊस बेभरवशाचा होऊ लागला होता. पुण्याशेजारच्या मांजरी गावाकडे उसाला पाणी पुरेनासं झालं होतं, आणि जिथे ऊस नव्हता तिथे बंगल्यांचे नि सोसायट्यांचे पाये खणले जात होते. रेशनवर गहू आणि तांदूळ. मग थोड्या पाण्यावर येणारी, अंगाला लागणारी बाजरी लोक अजून खातात का, हा बाईंचा प्रश्न होता. खात असतील, तर ती शाळेतल्या मुलांच्या जेवणात यायला हवी, म्हणजे पेरणाऱ्यालाही हुरूप येईल, असं त्या म्हणत.

मांजरीच्या आसपासची चाळीस घरं त्यांनी निवडली. बाई मोठ्या शिस्तीच्या. आदल्या दिवशी निरोप धाडत, "उद्या स्वयंपाक मोजायला येते." दुसऱ्या दिवशी मी ताटाशेजारी हजर. आमटी माझ्यात ओतायची, रेघ बघायची, कागदावर लिहायचं. तीन वर्षं आम्ही हेच केलं, आणि चाळीस घरांतून एकच उत्तर आलं. पोळी, बटाट्याचा रस्सा, भात, कुठे कुठे शिरासुद्धा. बाजरी जवळजवळ नाहीच.

'बाजरी ताटातून गेली' असं बाईंनी लिहिलं, आणि वर्तमानपत्रात ते फोटोसकट छापून आलं. फोटोत त्यांच्या हातात मी होते. मी हरखून गेले, लपवत नाही. आता जिल्ह्यातल्या शाळांच्या जेवणात कोणतं धान्य द्यायचं ते ठरवणारी एक समिती बाईंच्या अहवालाची वाट बघत होती. सोमवारी तो द्यायचा होता. तो तसाच गेला असता, तर बाजरीला शाळेचं दार बंदच झालं असतं.

नेमकी शेवटच्या फेरीत मी मांजरीत विसरले गेले. दत्तोबा नावाचे शेतकरी होते, त्यांच्या घरी. त्यांच्या पत्नी शकूताईंनी मला आपल्या भांड्यांबरोबर घासून मांडणीवर ठेवलं आणि बाईंच्याही ते ध्यानात आलं नाही. शनिवारी सकाळी शकूताई पीएमटीची बस धरून, पत्ता विचारत विचारत संस्थेत आल्या. फडक्यात मी.

"सरकारी वस्तू हाय. तुमाला बोल लागंल म्हनून घिऊन आले."

बाईंनी फडकं सोडलं. माझ्यात बाजरीचा खिचडा होता, वर बोटभर तूप.

"अहो, हे कशाला?"

"दुसऱ्याची वाटी रिकामी कशी द्यायची, बाई? आज घरात ह्येच व्हतं."

"तुम्ही बाजरी खाता?"

"न्हाई तर काय? रोज भाकरीच की."

"मग मी येते तेव्हा पोळ्या कशा?"

शकूताई हसल्या. "तुमी आदल्या दिशी सांगून येता. पाव्हन्याच्या ताटात बाजरीची भाकर वाढली, तर लोक शेन घालतील तोंडात. गव्हाचं पीठ शेजारनीकडनं आनते मी."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या रेघेची लाज वाटली. तीन वर्षं मी थेंबाचीही चूक केली नव्हती, आणि मोजला होता तो निव्वळ पाहुणचार.

बाई तडक आपल्या वरिष्ठांकडे गेल्या. अनिरुद्ध सर चष्मा पुसत म्हणाले, "तीन वर्षांचे आकडे एका वाटीभर खिचड्यापायी टाकायचे? वर्तमानपत्रात छापून आलंय, मैत्री. लोक हसतील."

"हसू देत, सर. सोमवारी मीच सांगेन की माझं चुकलं."

"ते सांगायला मी येणार नाही."

"मी एकटी जाईन."

सोमवारी बाई समितीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुदत मागितली. तीन महिने मिळाले, कुजकी बोलणी वेगळी. मग चाळीसही घरं नव्याने, या वेळी न सांगता.

दत्तोबांच्या घरी आम्ही भर दुपारी पोचलो. टोपलीत बाजरीच्या भाकरी होत्या, पातेल्यात मुगाचं कालवण. आधी मुलं जेवली, मग दत्तोबा. बाई लिहीत होत्या. शकूताई मागे राहिल्या होत्या. त्यांनी पातेल्यात तांब्यातलं पाणी घातलं, खळबळून माझ्यात ओतलं. ते माझ्या रेघेच्या निम्म्यावरही आलं नाही. सोबत अर्धी भाकरी.

बाईंनी जुना कागद काढला. तिथे 'शकूताई : एक वाटी' असं लिहिलेलं होतं.

"रोज एवढंच?" बाईंनी हळूच विचारलं.

"भागतंय की."

दत्तोबा दारात हात पुसत उभे होते. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. "वीस वर्सं झाली लग्नाला," ते म्हणाले, "मी कंदी बघितलंच न्हाई, बाई."

शकूताई पदराने तोंड झाकून हसल्या, आणि मग हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. बाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या दिवशी पुढचं काही मोजलं नाही.

नवा अहवाल गेला. चाळीसपैकी चौतीस घरांत बाजरी होती. काही शाळांत आठवड्यातून दोनदा बाजरी सुरू झाली. फार मोठा विजय नव्हे, पण दार किलकिलं झालं. आधीचं चुकलं होतं ही बाईंची कबुली वर्तमानपत्रात आली, ती मात्र आतल्या पानावर, कोपऱ्यात, फोटोशिवाय.

पुढे पुण्यात कॉम्प्युटरचा काळ आला. मांजरीच्या वाटेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता संस्थेतले लोक टॅबलेट घेऊन जातात. त्यात वाट्यांची चित्रं असतात, बोट लावलं की झालं. मी टेबलाच्या खणात पडून आहे, टाचण्या सांभाळते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? निदान पुसून ठेवावं कधीमधी, एवढंच म्हणणं आहे.

पण त्या टॅबलेटवर बाईंनी हट्टाने एक प्रश्न घालून घेतला आहे : घरात शेवटी कोण जेवलं, आणि तेव्हा भांड्यात किती उरलं होतं?

मित्रांनो, आज तुमच्या घरी हा प्रश्न विचारा. जिला विचाराल ती हसून काहीतरी सांगेल. तिच्या सांगण्यावर जाऊ नका. तिच्या जेवणाआधी उठा, आणि झाकण काढून स्वतः बघा.