एक घर उजवीकडे

पावणेदोनला फोन वाजला तेव्हा डबा धुतलेले माझे हात अजून ओलेच होते. पलीकडे इस्पितळातली बाई होती. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा.

"तुमच्या यादीतला माणूस दोन तास प्रवास करून आला हो बिचारा. आम्ही रक्त तपासलं, तर सहावं चिन्ह आहे त्याच्यात. आम्हाला ते नसलेला दाता हवा होता."

"यादीत शून्य आहे ना पण?"

"यादीत आहे. माणसात नाही. तीनची यादी आली की मी परत शोधते. तोवर तुमच्याकडे काय गोंधळ आहे तेवढं बघा. पेशंट काही फार थांबणारा नाही."

फोन ठेवला आणि माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागला. तो असा हलला की काहीतरी बिघडलेलं असतं. घरी याला बाईचा भूकंपमापक म्हणतात.

आमचं ऑफिस दुर्मीळ रक्ताच्या दात्यांची नोंद ठेवतं. नोंद म्हणजे मेनफ्रेम नावाच्या जुन्या मोठ्या संगणकावरची एक लांबलचक ओळ. आधी क्रमांक, नाव, पत्ता. मग दाता सध्या मिळण्यासारखा आहे का, याचं एकच अक्षर. त्याला लागून बारा घरं. रक्तात ते ते चिन्ह असेल तर घरात एक, नसेल तर शून्य, तपासलंच नसेल तर रिकामं. शेवटी थोडी मोकळी जागा, कधीकाळी काही वाढवायचं झालं तर असावी म्हणून सोडलेली. रोज दुपारी तीनला सगळ्या नोंदींची प्रत इस्पितळांकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत त्यांची शोधाशोध त्याच प्रतीत चालते.

एकच नोंद पडद्यावर चार तऱ्हांनी बघता येते. टेबल लावलं की वीस जण रांगेत उभे राहतात, पण प्रत्येकाचा डावीकडचाच भाग दिसतो. सिंगल लावलं की एकटा माणूस समोर येतो, प्रत्येक रकान्यापुढे त्याचं नाव. कॅरेक्टर म्हणजे नावंबिवं काही नाहीत, अख्खी ओळ सलग, कुठलं अक्षर कुठल्या घरातलं ते तुमचं तुम्ही ओळखायचं. आणि हेक्स म्हणजे प्रत्येक अक्षराखाली त्याचा मशीनमधला खरा आकडा. हेक्सला आमच्याकडे एक्स-रे म्हणतात आणि गरज पडल्याशिवाय कुणी काढत नाही.

मी त्या दात्याची नोंद सिंगलमध्ये उघडली. सहाव्या घरात शून्य. छान, नीटनेटकं, खोटं शून्य. मग कॅरेक्टर लावलं. तिथे शेवटच्या मोकळ्या जागेत, जिथे काहीच नको, तिथे एक आकडा येऊन बसला होता. बाकावर कुणी मधेच घुसलं की टोकाचा माणूस जसा अर्धा बाहेर लटकतो, तसा.

एक घर. सगळी नोंद एक घर उजवीकडे सरकली होती. पाचव्यातलं शून्य सहाव्यात आलं होतं.

मला कळलं, आणि कळायला नको होतं असंही वाटलं. कारण या आठवड्यात बारा घरांच्या आधीच्या, दाता मिळतो का सांगणाऱ्या अक्षराच्या रकान्याला एकाच माणसानं हात लावला होता, आणि अख्ख्या ऑफिसात कॅरेक्टरमध्ये काम करणारंही तेच एक माणूस. माझी जाऊ.

जाऊबाई माझ्या मागच्याच टेबलावर बसतात. वीस वर्षांपूर्वी मला या नोकरीत त्यांनीच आणलं. घरात आम्ही वर-खाली राहतो, ऑफिसात मागे-पुढे. माझे दीर म्हणतात, "तुम्हा दोघींचं लग्न झालंय, आम्ही भाऊ नुसते साक्षीदार." जाऊबाईंना ओळीतला कोपरा न् कोपरा पाठ. सिंगलमध्ये रकान्यांची नावं वाचून काम करणाऱ्यांना त्या बालवाडी म्हणतात. पण गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या दोन चुका निघाल्या होत्या आणि ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी लेखी दिलं होतं: तिसरी निघाली की नोंदी बदलायचा अधिकार काढून घेऊ. मग नुसतं बघायचं आणि खिडकीवर बसून अर्ज घ्यायचे. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

मी खुर्ची वळवली. "ताई, सोमवारपासून नवीन कीबोर्ड आलाय ना तुमच्याकडे?"

"आलाय की. मेला खेळण्यासारखा आहे. का गं?"

मी वाकून बघितलं. अक्षर घुसवायचं बटण दाबलेलं होतं. जुन्या कीबोर्डवर ते पुढची नोंद उघडली की आपोआप सुटायचं, या नव्यावर आपण सोडेपर्यंत चालूच. म्हणजे सोमवारपासून जाऊबाई त्या अक्षराच्या रिकाम्या घरावर लिहीत नव्हत्या, त्या घराच्या आधी अक्षर घुसवत होत्या. ते रिकामं घर ढकललं जाऊन बारातलं पहिलं होत होतं, आणि पुढचे सगळे एकेक घर उजवीकडे.

मी सांगितलं तसं त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"किती?"

"शोधते."

इथे एक्स-रे लागला. डोळ्याला रिकामं ते रिकामंच, पण मशीनच्या लेखी रिकामं दोन जातींचं. जिथे कधीच कुणी काही लिहिलं नाही तिथे हेक्समध्ये दोन शून्यं असतात. स्पेस-बार दाबून केलेलं रिकामं असेल तर चाळीस. ते अक्षराचं घर रिकामं करताना आम्ही सगळे स्पेस-बारच दाबतो. म्हणजे बारातल्या पहिल्या घरात चाळीस सापडला की संशय. मी तसा शोध लावला.

एकसष्ट.

"एकसष्ट सगळे माझेच?" जाऊबाईंनी विचारलं.

"सगळे नसतील. टिपटॉपला खोडायला स्पेस-बारच लागतो." टिपटॉप म्हणजे तिसऱ्या टेबलावरचा, रोज कडक इस्त्रीत येणारा. "कुठला सरकलेला आणि कुठला त्यानं पुसलेला, हे दात्याच्या तपासणीचं मूळ कागदी पत्रक बघितल्याशिवाय नाही कळायचं."

"मग बघू पत्रकं," त्या म्हणाल्या आणि उठल्यासुद्धा. "तू हेक्स लाव. मी वाचते. त्या इस्त्रीला काही बोलू नकोस. आणि मॅडमना तर मुळीच नाही."

मी हेक्स लावलं. दोन वाजायला पाच मिनिटं होती.

त्या कपाटातून कागदी पत्रकांचा गठ्ठा आणायच्या, माझ्या कानाशी उभ्या राहून बारा घरं वाचायच्या: "एक, शून्य, शून्य, रिकामं, एक..." मी आकड्यांवर बोट ठेवून पडताळायचे, घुसलेला चाळीस काढून टाकायचे, आणि अख्खी ओळ सुस्कारा टाकल्यासारखी एक घर डावीकडे परत यायची. मग सिंगल लावून पुन्हा एकदा खात्री. एका नोंदीला दोन मिनिटं. पत्रक सापडलं नाही तर चार.

"काय चाललंय वर-खालीच्या दोघींचं?" टिपटॉपनं मान वर केली. "सासूबाईंची पत्रिका बघताय का?"

"तुमची बघतोय," जाऊबाई म्हणाल्या. "इस्त्रीचा योग प्रबळ आहे."

तो हसला. त्यासुद्धा हसल्या आणि पुढचं पत्रक उचललं.

सव्वादोनला अकरा झाल्या. चहा आला, तसाच राहिला. माझा पाय थांबायला तयार नव्हता, टेबलावरची पेन्सिल त्यानं दोनदा खाली पाडली. मधेच एक नोंद अशी निघाली की तिच्यात दोन चाळीस, म्हणजे दोन घरं सरकलेली. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "हिच्यात मी मंगळवारी अक्षराआधी स्पेस-बारही दाबला. घर आधीच रिकामं आहे असं वाटलंच नाही गं मला."

"दिसलं नाही का?"

"दिसतं मला." मग चष्मा नाकावर वर ढकलत, "पूर्वीसारखं नाही दिसत."

वीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा कबूल केलं. मी आपली पुढच्या नोंदीवर गेले.

अडीचला एकोणीस झाल्या होत्या. बेचाळीस उरल्या. हा हिशोब करायला मेनफ्रेम लागत नाही.

"ताई, तीनच्या आत नाही व्हायचं."

"तीनला जाऊ दे ना काय जायचं ते. राहिलेल्या आपण पाचपर्यंत करू. उद्याच्या प्रतीत सगळं ठीक होईल. कुणाला कळणार आहे?"

खरं होतं. कोणी काय बदललं ते मशीन लिहून ठेवतं, पण मॅडम ते महिन्यातून एकदा उघडतात. तोवर सगळं जागच्या जागी आलं असतं आणि नोंदीवर दुरुस्तीला हात दिसला असता तो माझा. माझ्या नावावर एकही चूक नव्हती. मी सहज निभावून नेलं असतं. बोलायलासुद्धा लागले, "माझ्या नावावर टाकू हवं तर..."

"आणि ती?" जाऊबाईंनी मधेच विचारलं.

"कोण ती?"

"ती इस्पितळातली. तीनच्या यादीतून शोधणार म्हणालीस ना मघाशी."

फोनवरचं बोलणं त्यांना दोन वाक्यांत सांगितलं होतं मीच, पत्रकं काढता काढता. आता वाटलं, कशाला सांगितलं.

जाऊबाई हातातल्या पत्रकाकडे बघत उभ्या होत्या. कुणाचं होतं कोण जाणे. मला माहीत होतं त्यांना खिडकीवर बसायची किती लाज वाटते. खिडकीवर बसणाऱ्याला इथे सगळे मावशी म्हणतात, आणि या बाई चाळीस वर्षं या ऑफिसात स्वतःच्या हुद्द्यानं वावरलेल्या.

"प्रत थांबवायची तर कुणाला सांगावं लागतं?" त्यांनी विचारलं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"मॅडमनाच."

"मग नंबर लावून दे. मला त्या फोनवरचे बारीक आकडे..." वाक्य सोडून दिलं.

मी नंबर लावून दिला. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि एकदम ताठ उभ्या राहिल्या, समोर कुणी असल्यासारख्या.

"मॅडम, तीनची प्रत थांबवा. नोंदी सरकल्यात. एकसष्टपर्यंत असतील... नाही, तिनं नाही केलं. ती दुरुस्त करतेय. मी केलं. सोमवारपासून." मग बराच वेळ ऐकणं. "कीबोर्ड नवीन आहे, पण बटण माझ्यासमोरच होतं." परत ऐकणं. "हो. आहे लक्षात, लेखी दिलंय तुम्ही. फाइलला आहे."

फोन ठेवून म्हणाल्या, "साडेचारपर्यंत थांबवली. इस्पितळाला त्या स्वतः कळवतायत." आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

मॅडम बाहेर आल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दहाएक मिनिटांनी नुसता जाऊबाईंच्या पडद्यावरचा वरचा शब्द बदलला. तिथे 'बदल' असायचं, आता 'फक्त पाहणे' आलं. त्यांनी एका रिकाम्या घरावर कर्सर नेऊन एक अक्षर दाबलं. मशीननं बारीक टुक केलं आणि घेतलं नाही. परत दाबलं. परत टुक. टिपटॉप बघत होता. तो उठला, कपाटाकडे गेला आणि न विचारता पुढची दहा पत्रकं क्रमानं लावून माझ्या टेबलावर ठेवली.

"यातली पुसलेली माझी असतील ती बाजूला काढा," म्हणाला. "यापुढे नीट खोडेन."

जाऊबाई बसूनच होत्या. मग त्यांनीच खुर्ची ओढत आणली. चाकं त्या खुर्चीची कधीच नीट फिरलेली नाहीत, मोठा आवाज झाला.

"सरक जरा."

मी सरकले. त्यांनी पत्रक हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, आणि मग माझ्यापुढे केलं.

"तू वाच," म्हणाल्या. "पडद्यावरचे आकडे मोठे दिसतात मला. हा चाळीस कुठे बघायचा ते दाखव."

मी हेक्सच्या खालच्या ओळीवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं.