पुढची कदेल

विमान सुटून बराच वेळ झाला होता, तरी कृष्णनाथला त्या खुर्चीत, त्या ऐसपैस कदेलीत, बसायचं कसं तेच उमगत नव्हतं. खुर्चीच्या हातावर बटणांची रांग होती. एक दाबलं की पाय वर यायचे, दुसऱ्याने पाठ मागे जायची. तिसरं दाबलं तेव्हा अख्खी कदेल उताणी होऊन खाट झाली आणि तो छताकडे बघत पडला. घाईघाईने त्याने ती पुन्हा उभी केली. शेजारचा गोरा माणूस डोळ्यांवर काळी पट्टी ओढून केव्हाच घोरायला लागला होता.

लंडनहून थेट गोव्यातलं मोपा. मधे कुठे उतरायचं नाही, सामान ओढायचं नाही. मुलाने, गुरुदासने, साठवलेल्या पॉइंटांवर पुढच्या भागातली एक जागा मिळवली होती. एकच मिळाली. ती त्याने आईसाठी घेतली होती, तिचे गुडघे धरायचे म्हणून. पण विमानतळावर चंद्रावतीने पास उलटसुलट करून पाहिला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला.

"तुमीच बसा पुढे. घरी जायची घाई तुमका."

ती रागाने बोलली नव्हती. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, असं आता त्याला वाटत होतं.

कृष्णनाथ डिचोलीचा. साखळी ते म्हापसा त्याची स्वतःची बस धावायची, आणि ती तो स्वतःच चालवायचा. त्याचा जन्म गोवा मुक्त होण्याआधीचा, म्हणून पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद झाले. त्या कागदांवर गुरुदास इंग्लंडात स्विंडनला गेला आणि तिथलाच झाला. गेल्या गणेश चवथीनंतर त्याने आईबाबांना कायमचं राहायला बोलावून घेतलं. कृष्णनाथने बस विकली, घराला कुलूप घातलं आणि गेला. गेला खरा, पण तिथे त्याला करमेना. दुपारी चार वाजता काळोख. रस्त्यावर माणूस नाही, असला तरी थांबून बोलणारा नाही. जनेलापाशी बसून तो समोरच्या थांब्यावर येणाऱ्याजाणाऱ्या बसेस बघायचा आणि ड्रायव्हर गियर कसा टाकतो त्यावर स्वतःशीच चरफडायचा. शेवटी एका सकाळी चहा पितापिता त्याने सांगून टाकलं, "मी घरी जातंय." चंद्रावतीने कपाटावरची बॅग खाली काढली.

हवाई सुंदरीने पांढरं कापड अंथरून जेवण मांडलं. काचेचा ग्लास, चिनी मातीच्या बशा, टोपलीत गरम पाव. दोन घास खाऊन त्याचा हात थांबला. मागे तिला काय वाढलं असेल? त्याने दोन पाव नॅपकिनात गुंडाळले, उठला आणि पडदे ओलांडत मागे गेला. चंद्रावती मधल्या जागेवर बसली होती आणि खिडकीकडच्या तरुण मुलीशी काहीतरी बोलत हसत होती. तो दिसताच हसू थांबलं.

"काय झाला?"

"काय नाय. गरम पाव आणलंय."

"माका जेवण मिळाला. तुमी खावा." तरी तिने पाव घेतले, एक त्या मुलीला दिला. "ही शेवंती. चोपड्याची. आमच्याच गावात काम करता."

आमच्याच गावात. म्हणजे स्विंडनला. कृष्णनाथ मान हलवून पुढे परतला.

पुन्हा ती कदेल. त्याने पडद्यावर सिनेमा लावला आणि बंद केला. नकाशा लावला. छोटं विमान कुठल्याशा समुद्राच्या काठावर अडकल्यासारखं दिसत होतं. पाय लांब केले, पोटाशी घेतले. मऊ पांघरूण अंगावर घेतलं तर उकडलं, काढलं तर थंडी वाजली. बस चालवताना काथ्या बाहेर आलेल्या सीटवर तो दिवसदिवस काढायचा, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

तो पुन्हा उठला. या वेळी चंद्रावती जागेवर नव्हती.

"काकी बाथरूमाक गेलीत," शेवंती म्हणाली. "बसा काका. काकीची माका लय मजा वाटता. आमी थंय एकाच बसने कामाक जातो ना! आता शिगमो झालो की परत येतली म्हणाली, मग परत आमी दोघी."

"परत कोण येतली?"

"काकी." त्याचा चेहरा बघून शेवंती गोंधळली. "तुमका ठावक नाय?"

कृष्णनाथने मागच्या बाजूला पाहिलं. चंद्रावती खुर्च्यांच्या पाठी धरतधरत येत होती. तो तिच्याकडे गेला आणि जिथे चहाकॉफीच्या गाड्या ठेवतात त्या मोकळ्या जागेत तिला थांबवलं.

"तू परत जातलंस?"

तिने त्याच्या खांद्यावरून शेवंतीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "होय. घरी पोचल्यावर सांगणार होतंय."

"कित्या? कोणासाठी? गुरुदासान सांगला?"

"कोणी सांगूक नाय. माका जायचा असा."

तीन-चार महिन्यांपूर्वी शेजारणीबरोबर ती एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मदतीला जायला लागली होती. आठवड्याचे काही दिवस. कृष्णनाथला वाटलं होतं, वेळ घालवायला जाते.

"थंय त्या म्हाताऱ्यांची भांडी घासूक परत जातलंस?"

"भांडी मशीन घासता," ती म्हणाली. "मी रांधतंय. त्यांका माझी लापशी आवडता. एक बाई असा, तिका कोणाचा नाव आठवत नाय, पोरांचासुद्धा नाय. माका ती चंद्रा म्हणान हाक मारता." "तुमका थंय करमत नव्हता, ता सगळ्यांका दिसत होता. माका करमता काय नाय, ता तुमी एकदा तरी इचारलात?"

कृष्णनाथने तोंड उघडलं. विचारलं असेल, असं त्याला म्हणायचं होतं. कधी विचारलं ते आठवेना. विमान जरासं हिंदकळलं, तशी त्याने तिचा दंड धरला. पट्टे बांधायचा दिवा लागला, सगळ्यांनी बसावं म्हणून घोषणा झाली.

"पुढे जाऊन बस," तो म्हणाला.

"तुमची जागा—"

"जा म्हणतंय ना. माका थंय झोप येत नाय."

ती खरोखरच गेली, मागे वळूनही न बघता. तो तिच्या मधल्या जागेत शिरला. गुडघे पुढच्या पाठीला टेकले, एका बाजूला शेवंतीचं कोपर, दुसऱ्या बाजूला कुणा जाडजूड माणसाचा खांदा. शेवंती जीभ चावून बसली होती. "काका, माझा चुकला," ती हळूच म्हणाली. "तुझा काय चुकला?" तो म्हणाला आणि हात मांड्यांवर ठेवून समोर बघत राहिला.

बसवेना. पट्ट्यांचा दिवा विझल्याबरोबर तो पुढे गेला. पडद्याच्या फटीतून बघितलं. चंद्रावतीने कदेल अर्धी उताणी केली होती, पाय वर घेतले होते, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं होतं. हवाई सुंदरी तिच्याजवळ वाकून काहीतरी सांगत होती आणि चंद्रावती तिच्याशी इंग्रजीत बोलत होती. तोडकंमोडकं, पण न अडखळता. मग तिने आइस्क्रीमची वाटी घेतली आणि चमचा तोंडात धरून डोळे मिटले.

तो आत गेला नाही. पुन्हा मागे आला आणि मोप्याचा लाल कातळाचा सडा खिडकीत दिसेपर्यंत त्या दोन खांद्यांमध्ये जागाच बसून राहिला.

विमानतळाबाहेर टॅक्सी मिळाली. कोलवाळचा पूल गेला, अस्नोडा आलं. कृष्णनाथला हवी होती तीच हवा, तेच वळण, पावाच्या टोपल्या लावलेल्या त्याच सायकली. त्याचं मात्र कशातच मन लागत नव्हतं. मांडीवर बोटं वाजवत तो बाहेर बघत होता.

"लापशीत तू काय घालतंस?" त्याने एकदम विचारलं.

चंद्रावतीने त्याच्याकडे रोखून बघितलं. चेष्टा करतो की काय, ते तपासलं.

"थोडा नारळाचा दूध," ती म्हणाली. "पयल्यांदा त्यांनी नको म्हटला."

"मग?"

मग ती सांगायला लागली. मुळगाव येईपर्यंत सांगत होती. मधेच दोनदा त्याला बोलायचं होतं, घराचं, बागेचं, तिने जाऊ नये असंही. दोन्ही वेळा त्याने ओठ मिटून धरले.

"शिगम्यानंतर मी येवचंय नाय हां तुझ्याबरोबर," शेवटी तो म्हणाला. "माका थंय जमाचा नाय."

"ठावक असा माका."

"चवथीक तरी ये."

"चवथीक येतलंय. गणपतीवरची माटोळी कोण बांधतलो नायतर?"

घराच्या फाटकापाशी टॅक्सी थांबली. ड्रायव्हर बॅगा काढत होता. कुलूप गंजून घट्ट बसलं होतं, चावी फिरेना. कृष्णनाथने दोनदा जोर लावला, शिवी हासडली. चंद्रावतीने पर्समधून हाताला लावायची तेलकट क्रीम काढली, चावीला चोपडली आणि ती त्याच्याकडे परत दिली.