पॅरिसची चाल

कोल्हारच्या पुंजाराम मास्तरांचा पासपोर्ट आला, तेव्हा पोस्टमननं पाकीट उलटंपालटं करून विचारलं होतं, "मास्तर, समन्स तर न्हाई ना?" त्याला आता चौतीस वर्षं झाली. पासपोर्ट ट्रंकेत आणि मास्तर कोल्हारात. दर दिवाळीला ट्रंक आवरताना बनुबाई तो झटकायची आणि नवऱ्याला हाणायची, "आमचे सायेब फॉरीनला जाऊन आले बरं का!"

बोलणं झोंबायचं, कारण खरं होतं. ढोलावर रंगवलेलं नाव 'न्यू पॅरिस ब्रास बँड', आणि जन्माचा प्रवास मारुतीपासून मांडवापर्यंत. रेडिओची खुंटी पिळता पिळता खरखरीतून मास्तरांना एक धून सापडली होती. कुठल्या मुलखाची, देव जाणे! त्यांनी आपलं ठरवून टाकलं, पॅरिसची. क्लारनेटवर ती धरली की त्यांना मोठाले पूल दिसायचे, पाण्यात हलणारे दिवे दिसायचे. प्रवरेच्या काठी बसून अख्खी दुनिया फिरून यायचा गडी.

मग खरंच योग आला. दिल्लीचं एक कलापथक फ्रान्सला निघालं होतं, त्यात मास्तरांची निवड झाली. पण दैव कसं खट्याळ बघा, विमान नेमकं गावातल्या सत्यशीलाच्या लग्नादिवशी! त्या लग्नाची सुपारी आधीच घेतलेली. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला, ही बापाची शिकवण. मास्तर गेले नाहीत.

पण माणूसच तो! पाठवणीची वेळ आणि विमानाची वेळ एकच झाली. बायका हुंदके देतायत, नवरी आईच्या गळ्यात, आणि मास्तरांनी रागारागानं रडका सूर सोडून पॅरिसची चाल फुंकली. "मेल्या, पाठवणी हाय का जत्रा?" म्हाताऱ्या तुटून पडल्या. मास्तर टेम्पोमागं जाऊन ढसाढसा रडले.

पुढं डीजे आला, बँड बसला. दात पडले, कवळी आली. क्लारनेटला नऊ वर्षं हात लागला नाही.

आणि गेल्या महिन्यात पुणतांब्याहून सत्यशीला दारात उभी. हातात सुपारी.

"मास्तर, माझ्या ज्ञानेश्वरीचं लगीन हाय. पाठवणीला तुमी वाजवायचं. माझ्या टायमाला वाजवलं हुतं तेच."

मास्तर कसनुसं हसले. "पोरी, दात न्हाईत गं. आन् त्या दिवशी चुकलंच माझं."

"चुकलं?" सत्यशीलाचे डोळे भरले. "मास्तर, मी रडायची थांबले तवा. वाटलं, सासरला न्हाई, कुठंतरी लई लांब, समुद्रापल्याड चाललेय. सासरचं पहिलं वरीस लई वाईट गेलं. भाकरी थापताना तीच चाल गुणगुणायचे. त्यावरच तगले मी."

"बाई, तुझ्या लग्नापायी ह्यांचं..." बनुबाई बोलायला लागली. मास्तरांनी डोळे वटारले. बनुबाई गप्प झाली, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. मास्तरांनी हात पुढं केला आणि सुपारी घेतली.

महिनाभर म्हातारा फुंकत होता. कवळी हलायची, सूर फाटायचा. शेजारचं कुत्रंसुद्धा वैतागलं.

पाठवणीच्या वेळी मास्तरांनी सरळ कवळी काढली आणि बनुबाईच्या हातात दिली. नुसत्या हिरड्यांवर ओठ दुमडून क्लारनेट धरलं. पहिला सूर फाटला. वऱ्हाडातली पोरं फिदीफिदी हसली. ह्या बाईनं एवढी वर्षं जपलेलं आपण आज मातीत घालणार! त्यांनी डोळे मिटले. दुसरा सूर लागला, तिसरा त्याच्या मागून आला, आणि पूल दिसले, दिवे दिसले. सत्यशीला पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. ज्ञानेश्वरी मात्र रडायची थांबली.

गाडीत बसण्याआधी ती मास्तरांच्या पाया पडली.

"आजोबा, कुठली हो ही चाल?"

"पॅरिसची," मास्तर बोळक्या तोंडानं म्हणाले.

"तुम्ही गेला होता पॅरिसला?"

मास्तरांनी मान खाली घातली. बायको शेजारीच उभी होती, आणि तिचा टोमणा चौतीस वर्षं जिभेच्या टोकावर तयार असायचा. बनुबाईनं कवळी पदरात गुंडाळली.

"दोनदा गेले," ती म्हणाली. "एकदा तुझ्या आईच्या पाठवणीला, आन् आज."