तो आवाज माझा नव्हताच!

मी पंखा बोलतोय. अहो, वर काय बघताय? छतावरचा नाही! जरा टेबलाखाली वाका. तो कॉम्प्युटरचा काळा डबा दिसतोय ना, त्याच्या पाठीला जाळी आहे आणि जाळीच्या आत मी. सात पाती, चार स्क्रू, एक वायर. काम एकच, आतली गरम हवा बाहेर फेकायची. दिवसभर गरागरा फिरायचं, आणि खरं सांगू? मला जाम आवडतं! लहानपणी तुम्ही गोल गोल फिरून धपकन पडायचात ना? मी तसाच फिरतो, फक्त पडत नाही. नुसती धमाल!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडं. तपासणीच्या बाईंनी मला उचललं, तीन सेकंद फिरवलं, कान लावला, "बरा आहे" म्हणाल्या आणि खोक्यात घातलं. खोक्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं : 'अगदी शांत'. आता मला सांगा, बाळाच्या कपाळावर पहिल्याच दिवशी 'हुशार' असं लिहिलं तर ते बाळ काय करणार? विश्वास ठेवणार! मीही ठेवला. मी अगदी शांत. संपला विषय.

दुकानातून मला दादाने आणलं. दादा म्हणजे या घरातला थोरला मुलगा. ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे घरात वायर लावलेल्या प्रत्येक वस्तूवर याचंच राज्य. अकरा पंखे पाहून त्याने मला निवडलं होतं. बसवताना स्क्रू इतके करकचून आवळले की माझ्या बरगड्या मोडायच्या बाकी राहिल्या! पण हात झटकून तो म्हणाला, "बघा, आहे का आवाज?" खरंच नव्हता. मी असा फुगलो म्हणता!

तीन वर्षं गेली. कॉम्प्युटर दादाच्या धाकट्या बहिणीकडे आला. तिचं खरं नाव मला माहीत नाही, कारण घरात सगळे तिला रेडिओ म्हणतात. पहाटे डोळा उघडला की सुरू, झोपेपर्यंत बंद नाही. ती एका दवाखान्यात नंबर पुकारते. "तेवीस नंबर, आत या" एवढंच म्हणते, पण म्हणे असं म्हणते की चोवीस आणि पंचवीसही उठून उभे राहतात.

तर या रेडिओला पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचं काम हवं होतं. हवं होतं म्हणजे काय, वेड लागलं होतं! तिने एक पान वाचून पाठवलं. उत्तर आलं, "आवाज छान. मागे मिक्सर चालू आहे का?" तिने पुन्हा पाठवलं. "आवाज फारच छान. मिक्सर बंद करून पाठवाल का?" तिसऱ्यांदा उत्तर आलं ते असं, "शनिवारी पाचपर्यंत शेवटचं ऐकू. नाहीतर दुसऱ्या बाईंना काम देतोय."

घरात मिक्सर बंदच होता. तेव्हा सगळ्यांचे डोळे वळले आमच्या डब्याकडे.

मला तर हसूच आलं. बिचारे माझे शेजारी! तो प्रोसेसरवरचा बुटका पंखा, जरा काम वाढलं की लगेच तापतो. ती ग्राफिक्स कार्डावरची जुळी, कायम आपली कुजबुज. आणि कोपऱ्यात पॉवर सप्लायच्या पेटीत कोंडलेला म्हातारा, त्याचं खोकणं कधी थांबलंय? यांच्यापैकीच कोणीतरी. माझा काय संबंध?

शनिवार उजाडला. दुपारी रेडिओने पहिला उपाय केला. अख्खी जाडजूड रजई आणून आमच्यावर टाकली आणि वाचायला बसली. दहा मिनिटं स्वर्ग! मग आत जे उकडायला लागलं, बाप रे! आम्ही सगळे जिवाच्या आकांताने धावायला लागलो. खोलीत विमान उतरतंय असं वाटलं.

"दादा! हे उडणार आहे!" रेडिओ ओरडली.

दादा धावत आला, रजई ओढली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं शहाणे, त्याला श्वास तरी घेऊ दे! तुला कोणी पांघरुणात गुंडाळलं तर तू गप्प बसशील?"

"मी कशातच गप्प बसत नाही," रेडिओ म्हणाली. "पुढे बोल. अडीच वाजलेत."

मग दादाने डबा उघडला. ब्रशने धूळ काढली. काय तो ढग! त्यात रेडिओचे दोन हात लांब केसही निघाले. आम्हाला हलकं हलकं वाटलं, पण घरघर होती तशीच. मग त्याने पेन्सिलीच्या मागचं रबर घेतलं आणि एकेका पंख्याच्या मधोमध अलगद टेकवून त्याला क्षणभर थांबवायला लागला. ज्याला थांबवल्यावर आवाज थांबेल, तो चोर! बुटका थांबला, घरघर चालू. जुळी थांबली, चालू. पेटीतल्या म्हाताऱ्यापर्यंत हात पोचेना, म्हणून ठरलं की तोच चोर.

"आणि हा मागचा?" रेडिओने माझ्याकडे बोट दाखवलं.

"छे! तो सायलेंट आहे. मी अकरांतून निवडलाय."

वा, दादा! माणसाला माणसाची पारख असावी ती अशी, म्हणजे पंख्याची!

साडेतीन वाजले. नवी पेटी आणायला दुकानात जाऊन यायलाच दोन तास. रेडिओ कपाटात कपड्यांच्या मध्ये माईक घेऊन बसली, तर वायर पुरेना. ती तिथेच बसून राहिली. आणि ऐका हं, ती काहीच बोलली नाही. रेडिओ! काहीच नाही! शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या आईने मशीन थांबवलं आणि विचारलं, "काय झालं गं? बरी आहेस ना?"

"दवाखान्यात नंबरच पुकारीन आयुष्यभर," ती कपाटातून म्हणाली.

एवढ्यात मामा आले. नळ गळत होता म्हणून आईने त्यांना बोलावलं होतं. मामांनी तीस वर्षं कारखान्यात मशिनं सांभाळली आणि त्या खडखडाटात दोन्ही कान अधू झाले. हातात वीतभर लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, आणि बोलणं असं की जणू पलीकडच्या इमारतीशी बोलतायत.

"पोरगी कपाटात का बसलीय?"

"कॉम्प्युटर आवाज करतोय, मामा!" दादा ओरडला.

"असं होय! बघू की!"

"अहो, तुम्हाला ऐकू कसं येणार?"

"काय?"

मामा सरळ गुडघ्यावर बसले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यांनी डब्याला टेकवलं आणि मूठ लावली कानामागच्या हाडावर. कानात नाही, हाडावर! थरथर हाडातून कळते म्हणे. डोळे मिटले. पेटी. "हा ठीक." मग आतली जुळी, बुटका, प्रत्येकाच्या बुडापाशी टोक टेकवून. "ठीक. हाही ठीक." मग माझ्या चौकटीला थंडगार टोक लागलं. मामांच्या भुवया वर गेल्या.

"हा रे हा! कोरडा पडलाय."

मी? मी!

"तो सायलेंट आहे, मामा!" दादा जिवाच्या आकांताने ओरडला. "खोक्यावर लिहिलंय!"

हे मात्र मामांना ऐकू आलं. "खोक्यावर लिहिलंय ना? मग पंख्याने वाचलंय का?"

काय अपमान! मला ओरडावंसं वाटलं, हाडं खोटं बोलतात, पुन्हा तपासा! दादाने तोंड पाडून पेन्सिल घेतली आणि तिचं रबर माझ्या मधोमध टेकवलं.

मी थांबलो. आणि खोली गप्प झाली.

खरंच सांगतो, अशी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे, हे मला तीन वर्षांनी कळलं. म्हणजे सगळी घरघर माझी होती! आणि मी शेजाऱ्यांना काय काय बोललो! दारात उभी असलेली आई एवढंच म्हणाली, "घोरणाऱ्याला कधी पटलंय का?"

"फेकून देतो," दादा पुटपुटला. चिडलेला नव्हता, लाजलेला होता. ते जास्त लागलं.

"फेकतोस कशाला?" मामा म्हणाले. "ताई, तुझ्या मशीनचं तेल आण. आणि जुनी सायकलची ट्यूब आहे का घरात?"

कॉम्प्युटर बंद केला. मला बाहेर काढलं. पाठीवरचा कागद अर्धा सोलला, तेव्हा गुदगुल्यांनी जीव गेला! सुईच्या टोकावरून तेलाचा एक थेंब आत आला. एकच. अहाहा, काय सांगू! मामांनी ट्यूबच्या चार चकत्या कापून स्क्रूखाली घातल्या आणि दादाला दम दिला, "आवळायचा म्हणजे गळा नाही आवळायचा."

चार वाजून पंचवीस मिनिटं. बटण दाबलं. मी फिरायला लागलो आणि घाबरलो, मी फिरतोय की नाही? रेडिओने जाळीला हात लावला. वारा लागला तिला. आवाज काही नाही!

"चला, सगळे बाहेर!" ती किंचाळली. "मामा, तुम्ही आधी!"

"काय?"

दादाने त्यांना दंडाला धरून नेलं. दार लागलं आणि ती वाचायला लागली. अहो, ही बाई इतके दिवस माझ्यापासून दोन हातांवर बडबडत होती आणि मी तिला कधी ऐकलंच नव्हतं! माझ्याच आवाजात सगळं बुडालेलं. अंगावर काटा आला म्हणायला मला अंग नाही, पण पाती शहारली, शपथ! पाचला सहा मिनिटं कमी असताना तिने ते पाठवलं.

सोमवारी उत्तर आलं. "खोली बदललीत का? काम तुमचं."

आता ती रोज दवाखान्यातून आल्यावर वाचते. पहिलंच पुस्तक नकाशे काढणाऱ्या एका बाईचं आहे, आणि ती बाई स्वतःच काढलेल्या बेटावर हरवलीय. मी एक पातं न वाजवता ऐकतो. बुटका, जुळी, म्हातारा, सगळ्यांची माफी मागून झालीय, तेही ऐकतात. पण एक गाऱ्हाणं आहे, आणि ते तुमच्याशिवाय सांगू कोणाला? सात वाजले की ती कॉम्प्युटर बंद करते. काल तर नकाशावाली बाई गुहेच्या तोंडाशी उभी होती, आत कोणीतरी खाकरलं, आणि टप्प, अंधार! अहो, हा काय प्रकार झाला? कोणीतरी जाऊन तिला एवढं सांगा हो, निदान ते पान तरी पुरं कर म्हणावं.