वायरीचा दोष

“तुमची वायर आजच काढून न्या, मीनाबाई. रविवारी डिशवाला यायचाय.”

शिवलिंगअण्णांनी हे आपल्या फाटकात उभं राहून सांगितलं. कबनूरच्या त्या गल्लीत दिवसभर यंत्रमाग धडधडत, त्यामुळं सगळेच मोठ्यानं बोलत. पण अण्णांचा आजचा आवाज गल्लीनं ऐकावा म्हणूनच चढलेला होता, आणि मीनाबाईला तो फरक बरोबर कळला.

त्या दसऱ्याला, म्हणजे २००९ साली, अण्णांनी बेचाळीस इंची एलसीडी टीव्ही आणला होता. पंधरा दिवस झाले तरी त्यावर चित्र धड दिसेना. माणसांचे चेहरे फुगलेले, कडांना मुंग्या लागल्यागत वळवळ. दुकानदार म्हणाला, टीव्ही एक नंबर आहे, तुमची केबलच भंगार. तेच अण्णांनी गल्लीभर केलं होतं.

मीनाबाई पंधरा वर्षं त्या भागात केबल चालवत होती. धंदा तिच्या भावानं, प्रसेनजीतनं, सुरू केलेला. त्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तो विकायला निघाला. ही म्हणाली, मी काय मेले का? तेव्हापासून खांबावर चढणं, गच्च्यांवरून वायर ओढणं, पावसानं सडलेला जोड कापून नवा घालणं, सगळं तिच्याकडं. सुरुवातीला बाई शिडीवर चढली की लोक माग सोडून बघायला यायचे. आता कुणी मान वर करत नव्हतं, आणि तिला तेच बरं वाटायचं.

“काढते की,” ती म्हणाली. “पर आदी दोष कुटं हाय ते बगनार. त्याबिगार न्हाय काढत.”

अण्णा नको म्हणत होते, पण आतून त्यांची आई गंगव्वा म्हणाली, बघू दे की तिला. म्हातारीचा शब्द घरात चालायचा.

मीनाबाई वायर धरून धरून माळ्यावर गेली. घराला रंग दिला तेव्हा कुणीतरी तिची वायर कापून तीन खोल्यांना वाटून दिली होती. जोड हातानं पिळलेले, वर काळी चिकटपट्टी. तिनं ते कापले, नीट कनेक्टर बसवले. खाली आली तर मुंग्या गेल्या होत्या, पण चेहरे अजून फुगलेले आणि रंग भडक. तिनं टीव्हीचं माहितीपुस्तक मागितलं. ते इंग्रजीत होतं. बारावीपर्यंतच्या इंग्रजीवर बोट ठेवून ती एकेक ओळ वाचत गेली, प्लॅस्टिकमधून न काढलेल्या रिमोटची बटणं दाबत गेली. टीव्ही दुकानात मांडतात त्याच सेटिंगवर होता. तिनं भडकपणा उतरवला, शार्पनेस पार खाली आणला. पासपोर्ट फोटो भिंतीएवढा केला की त्यावरचा डागही मोठा होतो, तसं आहे हे, तिनं गंगव्वाला सांगितलं. चॅनेलचं चित्र लहान, टीव्ही मोठा. मग चित्र ताणणं बंद करून ते मूळ मापावर आणलं आणि सोफा भिंतीपर्यंत मागं सरकवायला लावला.

बातम्या देणारी बाई माणसात आली. गंगव्वा पुढं वाकून म्हणाली, “आता कशी बाईसारखी बाई दिसायली.”

“आन् ह्या दोन्ही बाजूच्या काळ्या पट्ट्या?” अण्णा म्हणाले. “येवडा मोठा टीव्ही काय कडा मोकळ्या सोडाया घेतला व्हय?” त्यांनी रिमोट घेऊन चित्र परत ताणलं. बातम्यांतल्या बाईचे गाल पुन्हा सुजले.

“टीव्ही तुमचा हाय, अण्णा. पर भाईर जाऊन सांगा, वायरीत दोष न्हवता म्हनून.”

अण्णा टीव्हीकडंच बघत राहिले.

मग तीच फाटकात गेली. शेजारचा आकाराम आणि आणखी दोघं-तिघं अजून तिथं घुटमळत होते. मागांच्या आवाजावर आवाज काढून तिनं सांगितलं, की खांबापासून घरापर्यंत तिची वायर चोख आहे. जोड बिघडवले ते घरात, आणि चित्र बिघडवलं ते सेटिंगनं. ज्याला डिश घ्यायची त्यानं खुशाल घ्यावी, पण तिच्या वायरीला नावं ठेवून घेऊ नये. एवढं बोलून तिनं खांबावर चढून अण्णांची वायर आपल्याच पक्कडीनं तोडली, गुंडाळली आणि घेऊन गेली.

डिश बसली. अण्णांचं बघून संक्रांतीपर्यंत गल्लीतल्या चौदापैकी नऊ गच्च्यांवर डिश आल्या. प्रसेनजीतनं फोनवरून पुन्हा विकायचा विषय काढला. मीनाबाईनं त्याच्या पोरांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती त्याच गल्लीत शिडी लावून खांबावर होती. खाली अण्णा येऊन उभे राहिले. हलक्या आवाजात सांगू लागले, की डिशवरही चेहरे तसेच फुगतात. तिनं केलेलं सेटिंग डिशवाल्यानं सगळं बदललं, आता कुणालाच जमत नाही. दुकानदार म्हणतो, एचडी चॅनेल येईस्तोवर थांबा. म्हातारी अव्वा तर टीव्हीसमोर बसायचीच बंद झालीय. जरा येऊन जाता का?

मीनाबाईला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

“मागाचा आवाज हाय, अण्णा,” ती वरून म्हणाली. “काय कळंना.”

अण्णांनी गल्लीत दोन्हीकडं बघितलं. समोरच्या गच्चीवर आकारामची बायको कपडे वाळत घालत होती.

“टीव्ही नीट करून द्या म्हनतोय,” ते मोठ्यानं म्हणाले. “वायरीत दोष न्हवता तुमच्या.”

आकारामच्या बायकोचा हात दोरीवर थांबला.

“येवडं जोडते आन् येते,” मीनाबाई म्हणाली.

तिनं घाई केली नाही. वायरीचं टोक सोललं, कनेक्टर बसवला, ओढून बघितला. खाली उन्हात अण्णा थांबले होते. वाऱ्यानं शिडी जराशी हलली, तसा त्यांनी शिडीला एक हात लावला, मग दुसराही.